ताई, ते बारीक व्हायचं इंजेक्शन आहे का?

हा प्रश्न आमच्या दुकानात हल्ली ज्या आवाजात विचारला जातो, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. काउंटरवर जरा पुढं वाकून, शेजारचं गिऱ्हाईक गेल्याची खात्री करून. पूर्वी असा आवाज लोक दोन-तीनच वस्तूंसाठी काढायचे आणि त्या आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचो. आता त्या वस्तू पोरं मोठ्यानं मागतात आणि वजनाचं इंजेक्शन मात्र कुजबुजत.

आमचं मेडिकल सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून फार लांब नाही. सकाळी शटर वर करायच्या आधीच मागच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट सुरू झालेला असतो. गिऱ्हाईक म्हणजे टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतले कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, त्यांच्या सासवा, शाळांतले मास्तर, आणि अधूनमधून गाडी बाहेर चालूच ठेवून आत येणारे कारखानदार. शुगरच्या गोळ्या यातल्या सगळ्यांनाच लागतात. बी.फार्म. झालं, लग्न झालं आणि मी या काउंटरमागं उभी राहिले ती आजतागायत. हिशोब आणि स्टॉकिस्टशी भांडणं ह्यांच्याकडं, गिऱ्हाईक आणि फ्रीज माझ्याकडं.

तर, आहे का ते इंजेक्शन, म्हणजे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड? आहे. चिठ्ठीशिवाय देत नाही. "माझ्या नणंदेला फोनवर सांगून घरपोच मिळालं की" असं कुणी म्हटलं तर मी म्हणते, मिळालं असेल. आणि मग बहुतेक जण विचारतात, "पण ते करतं काय? चरबी वितळवतं म्हणे."

वितळवत-बितळवत काही नाही. हे नीट सांगायला काउंटरवर वेळ मिळत नाही, मागं चार माणसं पाकिटं हातात धरून उभी असतात. म्हणून इथं लिहितेय.

आपण जेवतो तेव्हा साखर रक्तात पुरती पोचायच्या आधीच आतडं शरीराला वर्दी देतं. 1960 च्या दशकात संशोधकांनी पाहिलं की ग्लुकोज शिरेतून दिलं तर स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडावाटे पाजलं तर बरंच जास्त. म्हणजे वाटेत आतड्यातून काहीतरी निघत होतं. ते 'काहीतरी' म्हणजे मुख्यतः दोन हार्मोन, जीआयपी आणि जीएलपी-1. दोन्ही पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या. इन्सुलिनसुद्धा पेप्टाइडच, 51 अमिनो आम्लांचं. जीएलपी-1 त्याहून लहान, तीस-एकतीस अमिनो आम्लांचं.

हे जीएलपी-1 तीन-चार ठिकाणी काम करतं. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पण रक्तात साखर वाढलेली असेल तरच. साखर उतरली की त्याचा रेटा आपोआप कमी होतो. ग्लुकागॉन नावाचं दुसरं हार्मोन यकृताला साखर सोडायला सांगत असतं, त्याला ते आवर घालतं. जठरातून अन्न पुढं सरकायचा वेग मंदावतं. आणि मेंदूत, भूक आणि तृप्ती जिथं ठरते तिथं जाऊन 'पुरे' म्हणून सांगतं. वजन उतरतं ते मुख्यतः या शेवटच्या कामामुळं. माणूस कमी खातो म्हणून वजन उतरतं. इंजेक्शन परस्पर चरबी जाळत असतं तर रोज भजी-पेढे खाऊनही ती गेली असती.

आपल्या शरीरातलं जीएलपी-1 मात्र रक्तात आलं की दोनेक मिनिटांतच निम्मं मोडतं. त्याला मोडणाऱ्या एन्झाइमचं नाव डीपीपी-4. हे सांगितलं की माझी जुनी गिऱ्हाइकं चमकतात, कारण ती वर्षानुवर्षं घेतात त्या विल्डाग्लिप्टीन, सिटाग्लिप्टीन, टेनेलिग्लिप्टीन या गोळ्या त्याच एन्झाइमला अडवणाऱ्या. म्हणजे या नव्या इंजेक्शनची चुलत बहीण तुमच्या गोळ्यांच्या डबीत आधीपासूनच आहे. फरक एवढाच की गोळी तुमचं स्वतःचं थोडंसं जीएलपी-1 जरा जास्त वेळ टिकवते. त्यानं शुगर उतरते, वजनाला फारसा फरक पडत नाही. इंजेक्शन त्याच्या कैक पट ताकदीचा, न मोडणारा निरोप बाहेरून आणतं. दोन्ही एकदम घेऊन विशेष फायदा नाही. त्यामुळं चिठ्ठीवर इंजेक्शन नवं लिहिलंय आणि ग्लिप्टीनही चालूच आहे असं दिसलं की मी डॉक्टरांच्या कंपाउंडरला फोन लावून विचारते. बहुतेक वेळा गोळी काटायची राहून गेलेली असते.

न मोडणारं जीएलपी-1 सापडलं कुठं, याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेच्या ॲरिझोनाकडच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन एंग यांना 1992 मध्ये त्याच्या विषात एक पेप्टाइड मिळालं. माणसाच्या जीएलपी-1 शी ते साधारण निम्मं जुळत होतं, काम तेच करत होतं आणि डीपीपी-4 ला दाद देत नव्हतं. त्यावरून एक्सेनाटाइड हे औषध निघालं आणि 2005 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दिवसातून दोनदा टोचून घ्यावं लागायचं. ही गोष्ट ह्यांना सांगितली तर हे म्हणाले, "म्हणजे पालीचं औषध?" तेव्हापासून आमच्या घरी याचं नाव पालीचं औषध. आमच्याकडं लिंगायत, जैन गिऱ्हाईक बरंच, त्यांना हे ऐकून शंका येते म्हणून लगेच सांगते, आज जे सेमाग्लुटाइड मिळतं त्यात सरडा नाही, ती माणसाच्याच जीएलपी-1 ची थोडी बदललेली नक्कल आहे.

बदल काय केलाय, तर साखळीतलं एक अमिनो आम्ल असं बदललंय की डीपीपी-4 ला तिथं तोडता येऊ नये. आणि बाजूला एक लांब फॅटी ॲसिडचं शेपूट जोडलंय. ते शेपूट रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून बसतं, अक्कलकोटच्या एसटीत दांडा घट्ट धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखं, कितीही ब्रेक लागले तरी जागचं न हलता. त्यामुळं मूत्रपिंडातून ते गाळून जात नाही. दोन मिनिटांचं आयुष्य आठवड्याचं झालं ते यामुळं. टिर्झेपेटाइड 39 अमिनो आम्लांचं, त्यालाही तसंच शेपूट, आणि ते जीआयपी व जीएलपी-1 या दोन्हींचं काम करतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला पाच दिवस लागतात. दोन्ही औषधं आठवड्यातून एकदाच.

आणि टोचायचंच का, गोळी का नाही? पेप्टाइड पोटात गेलं की आपण खाल्लेल्या डाळीसारखंच पचून जातं, म्हणून. सेमाग्लुटाइडची गोळी आहे, आपल्याकडं 2022 पासून मिळते, पण तिच्यातलं जेमतेम एक टक्का औषध रक्तात पोचतं आणि त्यासाठीही नियम कडक: सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी नको, पुढं अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. सोलापुरात सकाळचा चहा अर्धा तास थांबवणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्या मानानं चार मिलिमीटरची सुई सोपी. पोटावर, मांडीवर किंवा दंडाच्या मागं, कातडीखाली, दर वेळी जागा बदलून. वार मात्र पक्का धरायचा.

इंजेक्शन म्हटलं की आमच्या भागात एकच अर्थ घेतात, इन्सुलिन. आणि इन्सुलिन म्हणजे 'शेवटचं'. विडीवाल्या एका मावशींना डॉक्टरांनी हे लिहून दिलं तर त्या दुकानात येऊन रडायलाच लागल्या. त्यांना समजावलं की हे इन्सुलिन नाही. याचा उलटा गैरसमजही आहे, हे घेतलं की इन्सुलिन घ्यायचं सुटतं. टाइप 1 च्या पेशंटच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्यांनी इन्सुलिन थांबवून हे घेणं जिवावर बेतेल. टाइप 2 मध्ये काहींचं इन्सुलिन कमी होतं, पण कुणाचं, किती आणि कधी हे डॉक्टरच ठरवणार. दुसरं असं की हे औषध एकट्यानं सहसा शुगर धोकादायक खाली नेत नाही, पण सोबत ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर नेऊ शकतं. आपल्याकडं बऱ्याच शुगरवाल्यांच्या गोळीत मेटफॉर्मिनला जोडून ग्लिमेपिराइड असतंच. जेवण निम्म्यावर आलं आणि गोळी तीच राहिली तर काय होईल, हे इंजेक्शन सुरू करायच्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्या.

आता 'बारीक' या शब्दाबद्दल. हा शब्दच मला खटकतो. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला होता, एक लंडनचे डॉ. युडकिन आणि दुसरे आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला शिडशिडीत, आत चरबी. आपल्याकडची शुगर अशा पोटात असते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची रेघ खाली धरतात, 23 च्या पुढं वजन जास्त आणि 25 च्या पुढं लठ्ठपणा. या औषधाचा खरा उपयोग आरशात दिसण्यापेक्षा रिपोर्टमध्ये जास्त आहे. सिलेक्ट नावाची चाचणी 2023 मध्ये छापून आली. हृदयविकार असलेल्या, वजन जास्त पण मधुमेह नसलेल्या 17,604 लोकांवर. त्यात सेमाग्लुटाइडवाल्यांमध्ये हार्ट ॲटॅक, पक्षाघात, हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 20 टक्क्यांनी कमी निघालं. मुलीच्या लग्नाच्या शालूत बसायला दोन महिने इंजेक्शन मागणाऱ्या बाईला मी हे सांगते तेव्हा तिला त्यात काही रस नसतो. मला मात्र त्या बाईच्या नवऱ्याकडं बघावंसं वाटतं. स्टेंट टाकलेला असतो, शुगरची तीन महिन्यांची सरासरी 9 च्या वर असते आणि तो बाहेर गाडीत बसून वडापाव खात असतो.

वजन किती उतरतं? मोठ्या चाचण्यांतले सरासरी आकडे असे: मधुमेह नसलेल्यांत 2.4 मिलिग्रॅम सेमाग्लुटाइडनं 68 आठवड्यांत 14.9 टक्के. टिर्झेपेटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसनं 72 आठवड्यांत 20.9 टक्के. मधुमेह असेल तर कमी, सेमाग्लुटाइडनं 9.6 आणि टिर्झेपेटाइडनं 14.7. हा फरक आधीच सांगितलेला बरा, नाहीतर शुगरवाले काका मुंबईच्या भाच्याशी तुलना करत बसतात आणि "आपल्याला डुप्लिकेट मिळालं" म्हणून माझ्याकडं येतात. शुगरच्या बाजूनं बघायचं तर मधुमेहींवर दोन्ही औषधं समोरासमोर तपासली तेव्हा 40 आठवड्यांत तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, सेमाग्लुटाइडच्या 1 मिलिग्रॅमनं 1.86 नं उतरली आणि टिर्झेपेटाइडच्या 15 मिलिग्रॅमनं 2.30 नं.

हे आकडे पूर्ण डोसचे आहेत आणि पूर्ण डोसपर्यंत पोचायला महिने लागतात. सेमाग्लुटाइड 0.25 पासून सुरू, चार आठवड्यांनी 0.5, मग पुढं. टिर्झेपेटाइड 2.5 पासून, मग 5, आणि गरज पडली तर अडीच-अडीचनं 15 पर्यंत. पहिला डोस हा खरं तर उपचाराचा नाहीच, पोटाला आणि मेंदूला सवय लावायचा आहे. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे सगळं डोस वाढवतानाच जास्त होतं. एका कारखानदारानं तिसऱ्याच आठवड्यात "फरक पडेना झालाय" म्हणून मोठा डोस मागितला. मी दिला नाही. दुसरीकडून घेतला त्यांनी, आणि गड्ड्याच्या यात्रेत पोरांना पाळण्यात बसवायचं सोडून दोन दिवस सलाइनवर होते. नंतर माझ्याकडंच ओआरएस न्यायला आले. काही बोलले नाहीत, मीही नाही बोलले.

भूक कमी होते म्हणजे काय होतं, हे मला एका शिक्षिकाबाईंनी सगळ्यात चांगलं सांगितलं. म्हणाल्या, "चार वाजले की शाळेत मला भज्यांचा वास यायचा. भजी कुठंच नसायची. तो वास बंद झाला." वीस वर्षं इच्छाशक्ती कमी आहे म्हणून स्वतःला कोसत आलेल्या बाई. माझ्या मते या औषधानं डॉक्टरांच्याही डोक्यातला एक हट्ट मोडलाय. भूक हा स्वभावाचा दोष नाही, हार्मोनचा खेळ आहे, हे आता इंजेक्शन देऊन दाखवता येतं.

पण भूक कमी झाली की ताटातून आधी काय जातं, हे मी काउंटरवरून बघत आलेय. आमच्या गल्लीतल्या एका अक्कांचं वजन चांगलं उतरलं, शुगरही खाली आली. आणि मग त्या केसगळतीचं तेल मागायला आल्या. जिना चढताना पाय थरथरतात म्हणाल्या. काय खाता विचारलं. सकाळी चहा-खारी. दुपारी कडक भाकरीचा पाव तुकडा आणि शेंगाचटणी. संध्याकाळी चहा. रात्री आमटी-भात, दोन घास. "जेवणच जाईना झालंय बघ." मटकीची उसळ गेली, ताक गेलं, अंडं गेलं, चहा मात्र दोन्ही वेळचा शाबूत. चावावं लागतं ते आधी जातं, गोड आणि पातळ राहतं.

घटलेल्या वजनात सगळी चरबी नसते. चाचण्यांत साधारण 25 ते 40 टक्के घट ही चरबी सोडून इतर वजनाची, म्हणजे त्यात स्नायूही आले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा गेलेला स्नायू परत येणं अवघड. म्हणून मी सांगते, तुमच्या ताटात आता जागा थोडी आहे, तर तिथं पहिला घास उसळीचा किंवा अंड्याचा, शेवटचा भाताचा. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसाला वजनाच्या दर किलोमागं एक ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळायला हवीत, नक्की किती ते डॉक्टरांना विचारा. एका अंड्यात सहा ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत दहाच्या आसपास, पण शंभर ग्रॅम ज्वारी या दिवसांत जाते कुणाला? आणि शेंगाचटणी. आम्हा सोलापूरकरांचा सगळा भरवसा तिच्यावर. शेंगदाण्यात प्रथिनं पंचवीस टक्के, खरं आहे, पण तेल जवळजवळ निम्मं. जठर आधीच हळू चाललंय, त्यावर तेलकट काही पडलं की मळमळ दुप्पट. चमचाभर चटणी दह्यात कालवून घ्या, वाटीभर नको. बाजार आमटीत डाळी भरपूर असतात, चांगली आहे, फक्त वरचा तवंग काढून. अक्कांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तवंग काढला तर आमटीत राहिलं काय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सोबत थोडं वजन उचलायचं, जिम नको असेल तर पाण्याच्या बाटल्या, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. आणि पाणी. एप्रिल-मेमध्ये उलट्या किंवा जुलाब झाले आणि पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो.

एप्रिल-मेचा विषय निघालाच आहे तर फ्रीज. ही औषधं उघडेपर्यंत 2 ते 8 अंशांत ठेवायची. वापरायला काढलेलं ओझेम्पिकचं (हा सेमाग्लुटाइडचा ब्रँड) पेन, म्हणजे टोचायची औषध भरलेली नळी, 30 अंशांच्या आत 56 दिवस चालतं, मौंजारोची (हा टिर्झेपेटाइडचा ब्रँड) कुपी न वापरता बाहेर राहिली तर 30 अंशांच्या आत 21 दिवस. पेटीवर 'रूम टेंपरेचर' वाचून लोक निर्धास्त होतात. अहो, पण कुणाच्या रूमचं? उन्हाळ्यात सोलापूर 42 च्या वर जातं, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. आमच्याकडं निदान मार्च ते जून चालू पेनसुद्धा फ्रीजमध्येच ठेवायचं. फ्रीजरच्या खाली नाही, मागच्या भिंतीला टेकवून तर मुळीच नाही. एकदा गोठलं की वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी फेकायचं. दारातल्या कप्प्यात उघडझापीनं गरम हवा लागते, म्हणून मधल्या कप्प्यात, डब्यात घालून. सुई लावलेलं पेन तसंच ठेवू नका, औषध गळतं. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना आइस पॅकला थेट चिकटवून नेऊ नका, मध्ये रुमाल घाला. फ्रीज नसलेल्या घरांत इन्सुलिन ओल्या मडक्यात ठेवायची जुनी रीत आहे आणि ती वाईट नाही, पण या किमतीच्या पेनसाठी मी म्हणते, पेन माझ्या फ्रीजमध्ये ठेवा, तुमच्या वारी येऊन न्या. नाव लिहून ठेवते. मध्यंतरी एका पार्सलातले आइस पॅक कोमट होऊन आले होते. अख्खा खोका मी परत लावला. ह्यांचं आणि स्टॉकिस्टचं त्यावरून वाजलं, वाजू दे.

कुणी घेऊ नये? स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर नाही. साधा थायरॉइड, ज्याची रोज उपाशीपोटी गोळी घेतात, तो वेगळा, त्याला घाबरू नका. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर डॉक्टरांना सांगा. वजन भरभर उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. गरोदरपणात नाही, आणि दिवस राहावेत असं वाटत असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद. शुगर जुनी असेल तर सुरू करायच्या आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण शुगर झपकन उतरली की आधीच खराब असलेला पडदा काहींच्या बाबतीत आणखी बिघडतो. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगा, जठर हळू रिकामं होतं म्हणून. पोटात न थांबणारं, पाठीकडं जाणारं दुखणं आणि उलट्या झाल्या तर मेडिकलमध्ये येऊन ॲसिडिटीची गोळी मागू नका, सरळ दवाखाना गाठा. डोस चुकला तर सेमाग्लुटाइडचा पाच दिवसांच्या आत, टिर्झेपेटाइडचा चार दिवसांच्या आत घेता येतो. त्यापुढं गेला तर तो सोडून पुढच्या वारी.

आणि बंद केलं की? हा प्रश्न लोक पैसे भरून झाल्यावर विचारतात. सेमाग्लुटाइडच्या चाचणीतल्या काही लोकांना औषध थांबवल्यावर वर्षभर बघितलं, तर उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी चढतं, त्याबद्दल कुणी गोळीला शिव्या देत नाही. इथंही तेच. बाहेरून येणारा निरोप थांबला की भूक पूर्ववत. म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारते, दोन वर्षं परवडणार आहे का? मार्च 2025 मध्ये मौंजारो आपल्याकडं आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांना होती आणि 5 ची 4,375 ला, आणि अशी दर आठवड्याला एक. आमच्या गल्लीत एवढ्यात महिन्याचा किराणा येतो. मार्च 2026 मध्ये भारतातलं सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्या त्यात उतरल्या. विल्डाग्लिप्टीनचं डिसेंबर 2019 मध्ये संपलं तेव्हा काय झालं ते मी याच काउंटरवरून पाहिलंय. जी गोळी निवडक लोक न्यायचे ती मागावरचे कामगार न्यायला लागले. हे स्वस्त झालेलं मला हवंच आहे. स्वस्ताईबरोबर चिठ्ठी नसलेले हातही वाढतील, ते मात्र नकोय. आणि कुणाला परवडत नसेल तर मेटफॉर्मिन, चालणं आणि वेळेवर तपासणी यात काही कमीपणा नाही. कर्ज काढून इंजेक्शन घेऊ नका.

जिमच्या पोरांचं वेगळंच. परवा दोघं आले. "ताई, पेप्टाइड आहे का? रेटा?" रेटाट्रुटाइड म्हणजे तीन हार्मोनांचं काम एकदम करणारं औषध, चाचण्यांत आहे. मी हे लिहितेय तोवर कुठल्याही मेडिकलमध्ये ते रीतसर मिळत नाही. पोराच्या मोबाइलमध्ये फोटो होता, बिनलेबलच्या कुपीत पांढरी पावडर, 'संशोधनासाठी' असं लिहिलेली, सोबत पाणी वेगळं. स्वतःच कालवायची, स्वतःच सिरिंजनं मोजायची. आत काय आहे, किती आहे, निर्जंतुक आहे का, याची हमी कुणी देत नाही. पेप्टाइड या नावाखाली इन्सुलिनही येतं आणि ही पावडरही, नुसत्या नावावरून काही कळत नाही. मी त्याला विचारलं, तुझ्या आईला देशील का ही? तो हसला. दुसरा म्हणाला, "चल बे, हितं नाही मिळत." गेले. पुढं कुठं गेले माहीत नाही.

ज्यांना हे औषध लिहून दिलंय आणि पेन कसं फिरवायचं ते कळत नाही, त्यांनी दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा गर्दी नसते. चिठ्ठी, शेवटचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या, आयुर्वेदिकसुद्धा. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून आणा, घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाताला लागतात. पेन घरात एकाचंच, सुई बदलली तरी नवरा-बायकोत वाटून घ्यायचं नाही. हे मला दोनदा सांगावं लागलंय, म्हणून लिहिलं.